हापशापासून सौर पंपापर्यंत : आपल्या पाण्याच्या यंत्रांचा इतिहास

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहाव्यात अशी अपेक्षा होती. पण आठवणी सगळ्यांकडेच आहेत आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. म्हणून मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत जो विषय निघाला आणि अर्धवट राहिला, त्याचाच इतिहास लिहायचे ठरवले.

बैठकीला आलेल्यांना आठवत असेल. शाळेला भेट काय द्यायची यावर चर्चा चालू होती. उन्हाळ्यात शाळेला टँकरचे पाणी लागते, म्हणून आवारात नवा खोल बोअर घ्यावा आणि त्यावर सौर पंप बसवावा, अशी सूचना आली. बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. मी "थोडा विचार करू या" म्हणालो, तर मागून कोणीतरी म्हणाले, "सर, तुम्ही जुन्या काळातच राहा." हसण्यावारी गेले ते. पण नव्या यंत्राबद्दल विचार करणे म्हणजे त्याला विरोध करणे, असे आपण धरून चालतो. ते तसे नाही, हे सांगण्यासाठी मला आपल्या भूम तालुक्यातल्या पाण्याची गोष्ट जुन्या काळापासूनच सांगावी लागेल.

मोट आणि बारव

आपला भाग बालाघाटच्या डोंगररांगेवरचा. पाऊस सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जमिनीखाली काळा बेसाल्ट. या खडकाची एक खोड आहे. वाळूसारखे पाणी धरून ठेवण्याची त्याची ताकद नाही. पाणी असते ते वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हारसाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. शंभर भाग खडकात पाणी मोकळे करणारी जागा ढोबळमानाने एक ते तीन भाग. म्हणजे आपली जमिनीखालची तिजोरी मुळातच लहान.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते, पण अनुभवाने ठाऊक होते. आड आणि विहिरी मुरमात खोदायच्या, खाली कातळ लागला की थांबायचे. पाणी काढायला मोट. बैलजोडीने चामड्याची मोट ओढायची, तर तिला मर्यादा होत्या. बैल दमतात, त्यांना वैरण लागते, आणि विहीर फार खोल असेल तर मोट परवडत नाही. त्यामुळे पाण्याचा उपसा आपोआप मर्यादेत राहत होता. तो काळ पाण्याच्या बाबतीत शहाणा होता असे मात्र मी म्हणणार नाही. उपसा कमी होता तो यंत्र नव्हते म्हणून.

आणि त्या काळाचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे नारू. आजच्या मुलांना हा शब्दही माहीत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत माणसे पाय बुडवून पाणी भरायची. ज्याच्या पायात नारू असेल त्याच्या जखमेतून जंतूची पिल्ले पाण्यात पडायची, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात उतरायची. सुमारे वर्षभराने हात-दोन हात लांबीचा पांढरा दोरा त्याच्या पायातून बाहेर येऊ लागायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजायचा. बरोबर सुगीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळायचा. माझ्या आजीच्या घोट्यावर ते वण शेवटपर्यंत होते. सुंदर दगडी बारवांचे फोटो आज आपण मोबाईलवर एकमेकांना पाठवतो, तेव्हा मला ते वण आठवतात.

बहात्तर साल

मग १९७२ चा दुष्काळ आला. पाऊस त्याआधीच दोन वर्षे कमी झाला होता. आपल्यापैकी बहुतेक जण तेव्हा पाच-सहा वर्षांचे. दुष्काळी कामावर खडी फोडणारे आईवडील, सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी एवढेच आपल्याला आठवते. या कामांच्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना, आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. पाझर तलाव, रस्ते, विहिरी त्या काळात पुष्कळ झाल्या.

आपल्याकडची जुनी माणसे बहात्तरबद्दल एक वाक्य हमखास सांगत : "तेव्हा खायला नव्हतं, पण प्यायला होतं." हे वाक्य शब्दशः घेऊ नये, कारण पाण्यासाठीही तेव्हा लोक वणवण फिरले. पण त्यात खरेपणा आहे. अनेक गावांच्या आडांत तळाशी का होईना पाणी होते. हे वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

हातोडा आणि हापसा

बोअरचे यंत्र आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आले ते दुष्काळामुळेच. १९६६-६७ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रे आणली. दाबाखालच्या हवेवर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी जाऊन खडक फोडतो आणि तीच हवा भुकटी वर फेकते. जुन्या पद्धतीने ज्या भोकाला आठवडे लागत, ते या यंत्राने एका दिवसात होऊ लागले. पुढे ही यंत्रे दक्षिणेकडे आणि महाराष्ट्रातही आली. आपल्या राज्यात त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण यंत्रणाही उभी राहिली.

भोक झाले, पण पाणी वर काढायचे कसे? तेव्हाचे बिडाचे हातपंप युरोप-अमेरिकेतल्या पंपांच्या नमुन्यावर बनलेले होते. एका कुटुंबाने अंगणात दिवसातून चार वेळा वापरावा, असा तो पंप. आपल्याकडे त्याच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खी वस्ती तुटून पडायची. दांडा मोडायचा, खिळ निघायची. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा चारांतले जवळजवळ तीन पंप बंद आढळले. कोट्यवधी रुपयांची भोके जमिनीत होती आणि बाया पुन्हा बारवेवर जात होत्या.

याचे उत्तर कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत सापडले नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ते आपल्या शेजारी सापडले. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामाशी जोडलेल्या कार्यशाळांत, रोज मोडलेले पंप दुरुस्त करणाऱ्या माणसांनी नवा पंप घडवला. बिडाऐवजी पोलाद, अनेक सांध्यांऐवजी एकच आस, आणि दांड्याच्या टोकाला साखळी, म्हणजे आतली सळई सरळ वर-खाली होईल. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' या नावांनी ते ओळखले जात. सोलापूर पंपाच्या पायावर युनिसेफ आणि सरकारी संस्थांनी मिळून पंप तयार केला, त्याचे नाव 'इंडिया मार्क दोन'. कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७७-७८ च्या सुमारास मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो बनू लागला. त्यावर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही. कोणत्याही कारखान्याने ठरलेल्या मापात तो बनवावा. आज आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत हाच पंप चालतो. सोलापूर आपल्यापासून एसटीने काही तासांवर, पण ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात मी कधी पाहिली नाही.

आपल्या शाळेत दोन्ही पंप आपण पाहिले. आधीचा बिडाचा, ज्याच्या दांड्याला आपण सुतळी बांधत असू. आणि नंतरचा साखळीचा हापसा, सिमेंटच्या ओट्यावर. मधल्या सुट्टीत ती रांग, एकाने हापसायचे आणि दुसऱ्याने ओंजळ धरायची, पाण्याला येणारी लोखंडाची चव. दांड्याला लोंबकळणाऱ्यांना शिपाईमामांचा ओरडा.

हापशाने काय दिले याचा हिशोब मांडताना मी हात आखडता घेणार नाही. बाईच्या डोक्यावरचा हंडा गेला नाही, पण तिची पायपीट कमी झाली. बंद तोंडाच्या भोकात कोणाचा पाय पडत नाही, म्हणून नारूची साखळी तुटली. १९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला. बारवांच्या पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे, औषध टाकणे आणि हापसे बसवणे असा तो होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. लस नसताना, खास औषध नसताना एक रोग देशातून गेला. यंत्राला नावे ठेवणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे.

तेच भोक, दुसरी मोटार

आता गोष्टीचा दुसरा भाग. जे भोक पाडणारे यंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आले, तेच ऐंशी-नव्वदच्या दशकांत शेतात पोचले. त्याच्या जोडीला हापसा नव्हता, सबमर्सिबल होती. बोअरमध्ये बुडवून ठेवायची लांबट मोटार.

फरक किती, हे आकड्यांत पाहू. सरकारी प्रमाण असे होते की अडीचशे माणसांमागे एक हापसा, माणशी रोज चाळीस लिटर. म्हणजे एका हापशातून दिवसाला दहा हजार लिटर. शंभर मीटरवरून पाणी उचलणारी पाच अश्वशक्तीची मोटार तेवढे पाणी दीड-दोन तासांत बाहेर फेकते. हापशाला माणसाच्या दंडाची मर्यादा होती. हात दुखले की पाणी थांबायचे. मोटारीला तशी मर्यादा राहिली नाही. उरली होती ती विजेच्या बिलाची. पुढे शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरावीक आकार लागू झाला, तेव्हा तीही सैल झाली. एक तास चालवा नाहीतर दहा तास, बिल तेवढेच.

आता आपल्या लहान तिजोरीचा हिशोब घाला. साडेसहाशे मिलिमीटर पावसातला दहावा हिस्सा जमिनीत मुरला असे धरू, म्हणजे पासष्ट मिलिमीटर. खडकात जागा दोन टक्के धरली, तर पाण्याची पातळी चांगल्या पावसाळ्यात तीन-सव्वातीन मीटरने वर येते. एवढीच वर्षाची कमाई. उसाला मात्र वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. ऊस लावणारा माणूस वाईट नव्हता. त्याला हमखास भाव देणारे दुसरे पीक कोणी दाखवले नव्हते. पण हिशोब जुळत नव्हता, हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवे होते.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी आजवर कुठे लिहिली नाही.

आमची पंचेचाळीस फूट विहीर होती. अण्णांनी रोजगार हमीच्या काळात कर्ज काढून खोदलेली. नव्वदनंतर आसपास बोअर झाले आणि विहिरीचे पाणी मार्चमध्येच तळाला जाऊ लागले. तेव्हा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या बोअरच्या गाड्या आपल्याकडे रात्रंदिवस फिरत. पाणाड्या हातावर नारळ ठेवून शेतभर फिरला, नारळ उभा राहिला तिथे खूण केली. पहिल्या बोअरला दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. दुसऱ्याला एकशे ऐंशीवर पाणी लागले. अण्णांनी गाडीवाल्याला आहेर केला, आईने पेढे वाटले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बांधाला लागून असलेली शेजाऱ्यांची विहीर आटली. ती त्याआधी कधी पूर्ण आटलेली नव्हती.

त्या शेजाऱ्यांचा मुलगा आपल्याच वर्गातला. त्याचे नाव लिहीत नाही, पण तो हे वाचेल. त्यांनी त्यानंतर गायी विकल्या आणि दोन वर्षांनी तो पुण्याला कंपनीत लागला. आमचा बोअर चार वर्षांनी आटला. मग अण्णांनी तिसरा घेतला, चारशे फूट, त्याला मी पगारातून पैसे पाठवले. तो कोरडा गेला. चौथ्यासाठी दोन एकर जमीन गेली. चौथ्याला पाणी लागले, ते दोन उन्हाळे टिकले.

हे सांगताना मी कोणाला दोष देत नाही. अण्णांनी जे केले ते तेव्हा प्रत्येक शहाणा शेतकरी करत होता. न करणारा मागे पडला असता. पण आमच्या दुसऱ्या बोअरचे पाणी नवे नव्हते, त्यातले काही शेजाऱ्यांच्या विहिरीचेच होते, हे मला फार उशिरा कळले. अण्णांना ते आधी कळले असावे. त्यांनी त्या बांधावर जाणे सोडले होते.

कायदा मागून येतो

आपल्याकडे समजूत अशी की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. इंग्रजी अमदानीतल्या कायद्यातून ती आली. आडाच्या आणि मोटेच्या काळात ती चालून गेली, कारण कोणी कोणाचे फारसे ओढू शकत नव्हता. खडकाखालच्या भेगा सातबारा पाहून थांबत नाहीत, हे सबमर्सिबलने दाखवून दिले. यंत्र बदलले आणि समजूत मात्र जुनीच राहिली.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेण्यास बंदी घातली. पुढचा भूजल विकास व व्यवस्थापनाचा कायदा २००९ चा म्हणून ओळखला जातो, पण मंजुरी मिळून प्रसिद्ध व्हायला २०१३ चा शेवट उजाडला. साठ मीटरपेक्षा खोल विहीर म्हणजे खोल विहीर, अशी व्याख्या त्यात आहे आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी ती घेण्याला मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तुमच्या गावातले बोअर किती फुटांचे, ते तुम्हीच आठवा. कायदा कागदावर आला तोपर्यंत भोके पडून गेली होती. प्रत्येक शेतावर नजर ठेवणारा माणूस कुठल्या सरकारकडेही असणार नाही.

२०१२-१३ मध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले. सुरुवातीला एका खेपेस पाच लाख लिटर, नंतर पंचवीस लाख. त्या वेळी दुकानात धान्य होते, रेशनवर गहू-तांदूळ होता. जुन्या माणसांचे ते वाक्य आठवा. बहात्तरला खायला नव्हते पण प्यायला होते. सोळाला खायला होते, प्यायला नव्हते. मधली चव्वेचाळीस वर्षे आपण पाण्याची यंत्रे आणण्यातच घालवली होती.

ज्यांनी आधी विचारले

हे अटळ होते का? नाही, असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा नगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारला पाऊस आपल्यापेक्षा कमीच पडतो. १९९० च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने पाणलोटाची कामे केली, तशी आपल्याकडेही अनेक गावांत झाली. पण हिवरे बाजारने आणखी एक केले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असे गावाने ठरवले. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आणि पाऊस कमी असेल तर कोणते पीक घ्यायचे नाही ते सर्वांनी मिळून ठरवायचे. बोअरचे यंत्र त्यांनाही मिळत होते. त्यांनी ते पिण्याच्या पाण्यापुरते ठेवले.

म्हणजे हातोडा तोच, खडक तोच. एका ठिकाणी त्याने नारू घालवला, दुसऱ्या ठिकाणी विहिरी आटवल्या. फरक पडला तो यंत्र आल्यावर गावाने काय ठरवले, यामुळे.

आता सौर पंप

आता आपल्या दारात नवे यंत्र आले आहे. २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आणि पुढे राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना, यांतून शिवारात काळ्या तकट्या दिसू लागल्या. शिवाय २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत झाली आहे.

सौर पंपाचे फायदे खरे आहेत. रात्री दोन वाजता वीज आली म्हणून काळोखात दारे धरायला जाणे, साप-विंचवाची भीती, जळालेली मोटार, डीपीसाठी हेलपाटे, यातून शेतकरी सुटतो. ज्याने ते भोगले त्याला हा पंप नको म्हणणे हा क्रूरपणा आहे. डिझेलचा धूर नाही, कोळसा जळत नाही.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. मोटेला बैलाची मर्यादा होती, हापशाला दंडाची, मोटारीला बिलाची आणि भारनियमनाची. सौर पंपाला सूर्य मावळण्याखेरीज मर्यादा नाही. एकदा बसवला की पाण्याच्या प्रत्येक जादा लिटरला खर्च शून्य. लोडशेडिंगला आपण इतकी वर्षे शिव्या दिल्या, पण जमिनीखालच्या पाण्याचे थोडेफार रक्षण त्यानेच केले असावे.

याला उत्तर नाही असे नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी सौर पंपांची सहकारी संस्था काढली. पाण्याची गरज नसेल तेव्हा तयार होणारी वीज ते वीज कंपनीला विकतात. म्हणजे विनाकारण पाणी उपसले तर आपल्याच खिशाला चाट. काही वर्षांनी गुजरात सरकारने त्याच विचारावर योजना आणली. पंप सौरच, पण त्याच्याबरोबर थांबण्याचे कारणही जोडलेले.

भेटीबद्दल

आता शाळेच्या बोअरकडे येतो. या सगळ्या इतिहासातून मला नव्या यंत्रापुढे ठेवायचे चार प्रश्न मिळाले. याने कोणाचे काम हलके होणार? याचा खर्च कोणाच्या आडातून निघणार, आज आणि वीस वर्षांनी? हे मोडले तर गावातला माणूस दुरुस्त करू शकेल का? आणि पुरे झाले, आता थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहील? हापशाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि तिसऱ्याचे जालना-सोलापूरच्या कारागिरांनी शोधले. बोअरच्या बाबतीत दुसरा आणि चौथा प्रश्न आपण विचारलाच नाही. हेच चार प्रश्न मुलांच्या हातातल्या मोबाईलला, वर्गात येऊ घातलेल्या डिजिटल फळ्याला आणि उत्तरे लिहून देणाऱ्या संगणकालाही विचारता येतात. ते काम आजच्या शिक्षकांचे आहे. मी पाण्यापुरते बोलतो.

शाळेच्या आवाराभोवती आता वस्ती आहे. तिथल्या अनेक घरांचे लहान बोअर उन्हाळ्यात जेमतेम चालतात. आपण पाचशे फूट खोल जाऊन सौर पंप लावला तर शाळेला पाणी मिळेल, पण ते कोणाकडून येईल, हे आमच्या बांधावर मी पाहिलेले आहे. शाळेत शिकणारी मुले त्याच घरांतली आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. पहिला खर्च छतावरच्या पावसासाठी करू. हजार चौरस फूट छतावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे पंचावन्न हजार लिटर पाणी होते. वाया जाणारे सोडले तरी पंचेचाळीस हजार हाती लागते. आपल्या शाळेचे छत याच्या कितीतरी पट आहे. त्यातले काही टाकीत साठवू आणि बाकीचे गाळणी करून जुन्या हापशाच्या बोअरभोवती मुरवू. तो बोअर अजून आहे, दांडा मात्र नाही. दुसरे म्हणजे त्या जुन्या बोअरमध्ये दर महिन्याला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि फळ्यावर लिहायची. आठवी-नववीची मुले हे सहज करतील. आपल्या वेळी कोणी हे लिहून ठेवले असते तर आज माझ्या या लेखात आठवणींच्या जागी आकडे असते. दोन पावसाळ्यांच्या नोंदी पाहून मग बोअरचे ठरवू. लागलाच तर पिण्यासाठी आणि मुलींच्या स्वच्छतागृहासाठी घेऊ, दोनशे फुटांच्या आत, आणि त्यावर खुशाल सौर पंप बसवू. पण पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली की पंप बंद, असा ठराव शाळा समिती आणि शेजारी यांनी मिळून आधी करावा.

दोन वर्षे टँकरचा खर्च कोणी उचलायचा, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. माझ्या वाट्याची रक्कम मी समितीकडे त्यासाठी दिली आहे. बाकीचे आपण मेळाव्यात बोलू.

आणि ज्या वर्गमित्राच्या विहिरीबद्दल मी वर लिहिले, त्याला एवढेच सांगायचे आहे : तू येणार आहेस असे समितीच्या यादीत वाचले. अण्णा आता नाहीत. त्यांच्या वतीने मला तुझ्याशी बांधावर चार शब्द बोलायचे आहेत. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर येशील का?